वाकायला कुणीतरी लागतंच

गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याच्या चौकातून एखादी जुनी जीप गेली की चहाच्या टपरीवरची दोन-तीन माणसं कमरेत वाकून तिच्याकडे बघतात. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, आत आमदार बसले असावेत. तसं काही नसतं. ही मंडळी जीपच्या पुढच्या दोन चाकांमधला आडवा दांडा बघत असतात. दांडा सरळ असेल तर गाडी नवी आहे, नाहीतर मालक घराबाहेर पडत नाही. वाकलेला असेल तर गाडी जिल्ह्यातली. आणि वाकून, सरळ करून, पुन्हा वाकलेला असेल तर ती आमच्या मामांची.

या दांड्याचं कागदावरचं नाव टाय रॉड. ड्रायव्हरनं स्टेअरिंग फिरवलं की ती हालचाल स्टेअरिंग बॉक्समध्ये जाते, तिथून ड्रॉप आर्ममध्ये, मग ड्रॅग लिंकमध्ये. अखेर ती एका चाकाशी पोचते आणि ते चाक या आडव्या दांड्यामार्फत दुसऱ्या चाकाला बातमी देतं. एवढ्या साखळीत सगळ्यात लांब हा, सगळ्यात सडपातळ हा, आणि जमिनीच्या जवळ लटकलेलाही हाच. म्हणजे वाकण्यासाठी लागणारी प्रत्येक पात्रता त्याच्याकडे जन्मापासून आहे.

बाकीच्या महाराष्ट्रात ऑफ-रोडिंग हा छंद आहे. पुण्या-मुंबईची माणसं त्यासाठी पैसे भरतात, हेल्मेट घालतात, गाडी चिखलात मुद्दाम रुतवतात आणि मग टाळ्या वाजवत बाहेर काढतात. गोंदिया जिल्ह्यात याला साक्षगंधाला जाणं म्हणतात. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा काढलेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा म्हणजे तळी, जंगल आणि धान. धानाची शेती बांध्यांमध्ये होते. दोन बांध्यांच्या मधे मातीची पार असते, तिच्यामुळे पाणी अडतं, तिच्यावरून माणूस चालतो आणि मामांच्या मते जीपही चालते. पार मात्र जीपच्या मापानं घातलेली नसते. मग एक चाक पारीवर, एक बांधीत आणि मधे दांडा, अशी ती वरात निघते. पारीत कधीकाळी तोडलेल्या पळसाचं खुंट लपलेलं असतंच. ते वरून दिसत नाही, दांड्याला दिसतं.

आमच्या मामांची जीप सरकारी लिलावात घेतलेली. तिला दारं नाहीत, त्यामुळे ती बंद करून ठेवण्याचा प्रश्न आला नाही. मामांचा तिच्यावर एवढा विश्वास की पुढे रपट्यावर पाणी किती आहे हे ते उतरून बघत नाहीत. जीप घालतात आणि मग बोनेटवरून मोजतात. अशा मालकाच्या गाडीचा दांडा किती काळ सरळ राहणार? पण दांडा वाकल्याचं मामांनी आजवर मान्य केलेलं नाही. ते म्हणतात, "गाडी जराशी डावीकडे ओढते." हे "जराशी" म्हणजे स्टेअरिंग सोडलं तर गाडी आपणहून इटियाडोह धरणाच्या दिशेनं निघते.

दांडा वाकला की नेमकं काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. वाकलेल्या काठीची दोन टोकं जवळ येतात, हे शेंबडं पोरही सांगेल. दांड्याची टोकं दोन चाकांना जोडलेली. दांडा अॅक्सलच्या मागे असेल तर चाकांची तोंडं बाहेर वळतात आणि पुढे असेल तर एकमेकांकडे. मागच्या दांड्याच्या जीपमध्ये मग दोन्ही चाकं भांडण झालेल्या जावांसारखी एकमेकींकडे पाठ करून एकाच घरात नांदतात. गाडी पुढे जाते, पण रबर घासत जाते. टायरच्या कडेवरून हात फिरवला की एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागतं. शिवाय गाडी सरळ चालली असताना स्टेअरिंगच्या आऱ्या तिरक्या असतात. मामांचं स्टेअरिंग सरळ रस्त्यावर साडेचार वाजल्याचं दाखवतं. त्यांना त्याची इतकी सवय झाली आहे की दुसऱ्या कुणाची चांगली गाडी हातात आली तर ते म्हणतात, "हिच्यात काहीतरी बिघाड आहे."

गाडी मिस्त्रीकडे नेण्याआधी टपरीवर तिची तपासणी होते. हा कायदा नाही, पण मोडलेला कुणी पाहिलेला नाही. एक जण म्हणतो, हवा कमी आहे. दुसरा म्हणतो, पाटा तुटला. तिसरा काही न बोलता खाली झोपतो, दांडा हलवून बघतो आणि उठून म्हणतो, "किंग पिन गेला." एका काळीपिवळीचा ड्रायव्हर सोळा सवाऱ्या उन्हात बसवून खास उतरून येतो आणि आपल्या गाडीला असंच झालं होतं तेव्हा क्लच बदलला होता, असं सांगतो. स्टेअरिंगचा आणि क्लचचा संबंध काय, हे विचारायचं नसतं. तो अनुभवाचं बोलत असतो.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे मोहाचं एक झाड, एक पत्रा आणि तेलानं काळी झालेली जमीन. त्याचं वर्ष आपल्यासारखं जानेवारीत सुरू होत नाही. जुलैत चिखलणी लागली की ट्रॅक्टर येतात. चिखलात पार दिसत नाही आणि पुढच्या अॅक्सलचा दांडा पारीवर बसतो. नोव्हेंबरात कापणी झाली की ट्रॉल्या ओढणारे येतात. लग्नसराईत जीपा येतात, कारण नवरदेवाला मिरवण्यासाठी जी गाडी आणतात ती वर्षभर कोठ्यात उभी असते. मिस्त्रीच्या मते जिल्ह्यातला शेतीचा हंगाम समजून घ्यायला कृषी खात्याचा अहवाल लागत नाही, त्याच्याकडचे वाकलेले दांडे मोजले तरी पुरे.

दांडा काढणं ही बघण्यासारखी गोष्ट आहे. त्याच्या दोन टोकांना बॉल जॉइंट असतात आणि त्यांची निमुळती दांडी चाकाच्या आर्ममध्ये गच्च बसलेली असते. नट काढला तरी ती सुटत नाही. नवशिका खालून हातोडा घालतो आणि आटे चेपून ठेवतो. मिस्त्री तसं करत नाही. तो आर्मच्या डोळ्याला एका बाजूनं जड हातोडा टेकवतो आणि दुसऱ्या बाजूनं छोट्या हातोड्याचे दोन फटके देतो. "टक्" असा आवाज येतो आणि दांडा आपण होऊन खाली पडतो. बघणारे लोक माना डोलावतात. दांडा मिस्त्रीच्या हाताखालच्या छोटूच्या पायावर पडतो, तो बिचारा मान डोलावण्याच्या स्थितीत नसतो.

मग सरळ करण्याचा कार्यक्रम. याच्या दोन शाखा आहेत. पहिली शाखा आगवाल्यांची: दांडा गॅसनं लालबुंद करायचा आणि वाकवायचा. आमचा मिस्त्री या शाखेचं नाव काढलं तरी थुंकतो. लाल केलेला दांडा वळतो छान, पण त्याची मूळ ताकद त्या आगीत जाते आणि पुढच्या खुंटाला तो लोण्यासारखा वाकतो. मिस्त्रीची शाखा थंड कामाची. दुकानाच्या मोहाच्या झाडाला जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर एक बेचकं आहे, त्यात दांडा घालायचा आणि टोकाला पाइप लावून दोघांनी लोंबकळायचं. मधे मधे दांडा काढून डोळ्याशी धरायचा आणि बंदुकीसारखा नेम घेऊन बघायचं. त्या बेचक्याची साल कधीच गेलेली आहे. गावातल्या कुणालाही विचारा, या झाडाचं वय वर्षांत सांगत नाहीत, दांड्यांत सांगतात.

त्यानंतर अलाइनमेंट. गोंदिया शहरात त्यासाठी संगणकाचं यंत्र आहे, लाल रेषा आहेत, छापील पावती आहे. मिस्त्रीकडे खडू आणि टेप आहे. जॅक लावून चाक उचलायचं, फिरवता फिरवता टायरच्या मध्यावर खडूची रेघ ओढायची, दोन्ही चाकांच्या रेघांमधलं अंतर पुढून मोजायचं आणि मग मागून. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन-चार मिलिमीटर कमी आलं की काम झालं. टेपचं एक टोक छोटूच्या हातात असतं आणि छोटूचं लक्ष रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलीकडे, एवढीच काय ती त्या यंत्रातली चूक.

अंतर जमवण्यासाठी दांडा लांब-आखूड करावा लागतो आणि त्यासाठी ज्यानं कुणी हा दांडा पहिल्यांदा बनवला त्याला दंडवत घालायला हवा. दांड्याच्या एका टोकाला सरळ आटे असतात, दुसऱ्याला उलटे. त्यामुळे दांडा नुसता जागेवर फिरवला की दोन्ही टोकं एकाच वेळी आत जातात किंवा एकाच वेळी बाहेर येतात. काही काढायचं नाही, काही जोडायचं नाही. फक्त उलट्या आट्याचा लॉकनट कोणता, हे लक्षात ठेवायचं. छोटू पान्यावर उभा राहून नाचतो, नट हलत नाही, गंज चढलाय असं ठरतं, डिझेल ओततात, पुन्हा नाचतो. मिस्त्री बिडी विझवून येतो, पाना दुसऱ्या बाजूनं लावतो आणि एका बोटानं नट सोडवतो. दर वेळी हेच होतं. मला तर शंका आहे की हा धडा छोटूसाठी नसून गिऱ्हाइकासाठी असतो.

इतकी वर्षं हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग मामांचा मुलगा नागपूरहून इंजिनीअर होऊन आला आणि घरात "अपग्रेड" हा शब्द शिरला.

त्याचं म्हणणं साधं होतं: वाकलेलं पुन्हा पुन्हा सरळ करण्यापेक्षा न वाकणारं बसवावं. त्यानं अंगणात खाट ओढली आणि वडिलांना ऑयलर समजावून सांगितला. या स्विस गणितज्ञानं 1744 साली लांब दांडा टोकांनी दाबला तर कधी वाकतो याचं गणित मांडलं. दांडा तोच ठेवून लांबी दुप्पट केली तर त्याची दाब सोसण्याची ताकद चौथाई होते. लांबी तीच ठेवून भरीव दांड्याची जाडी दुप्पट केली तर ताकद सोळापट होते. भरीव सळईपेक्षा त्याच वजनाची मोठ्या व्यासाची पोकळ नळी जास्त ताठ, कारण धातू मध्यापासून जितका दूर तितका तो वाकण्याला जास्त अडवतो. आणि एकदा किंचित जरी वाक आला की दाब मधोमध बसत नाही, म्हणून आधी वाकलेला दांडा नव्याच्या आधी हार मानतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्याकडं बांध्या किती होत्या?"

पोरगा मात्र हटला नाही. त्यानं जाड सीमलेस पाइप आणला, लेथवर त्याला एका बाजूनं सरळ आणि दुसऱ्या बाजूनं उलटे आटे पाडून घेतले, मोठ्या मापाचे टाय रॉड एंड लावले. दांडा मनगटाएवढा झाला. टपरीवर त्याचं दर्शन घ्यायला लोक आले. कोहमाऱ्याच्या चौकातून जीप जाताना लोक वाकून बघत आणि उठताना हात कपाळाला लावत. त्या मोसमात दांडा एकदाही वाकला नाही.

स्टेअरिंग बॉक्स मात्र चेसिसमधून सुटला.

झालं असं की खुंट तेच, मामा तेच, पार तीच. पूर्वी धक्का बसला की दांडा वाकायचा आणि धक्का तिथंच जिरायचा. आता दांडा ताठ राहिला आणि धक्का त्यानं निमूटपणे पुढे पाठवला. तो ड्रॅग लिंकमधून ड्रॉप आर्मवर, तिथून बॉक्सवर, आणि बॉक्स ज्या चेसिसला बोल्टनं धरलेला असतो तिथं येऊन थांबला. चेसिसला बोल्टाच्या भोकापासून तडा गेला. जुन्या जीपांची ही दुखरी जागा मेकॅनिक मंडळींना चांगली ठाऊक असते. मिस्त्रीनं खाली झोपून तडा बघितला, उठून हात पुसले आणि इंजिनीअरला म्हणाला, "बाबू, मार तं कोनाले ना कोनाले बसनारच ना. पयले शंभर रुपयाच्या दांड्याले बसे. आता चेसिसले बसला. कोन वाकावं, एवढंच आपल्या हातात हाय."

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत जे कुणी सांगितलं नाही ते मोहाच्या झाडाखाली फुकट मिळालं, म्हणून पोरगा गप्प बसला. पण मला या वाक्यात गाड्यांचा अख्खा इतिहास दिसतो.

आपल्याकडच्या जुन्या जीपांची आजी म्हणजे अमेरिकेची विलीज. महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या शेवटी ती मुंबईत जोडायला घेतली. तिच्यात एक लांब दांडा नव्हताच. अॅक्सलच्या मध्यावर बेलक्रँक नावाचा एक छोटा खांदा आणि त्याच्यापासून दोन्ही चाकांना दोन दांडे. आखूड दांडा सहजी वाकत नाही, हे ऑयलरचं म्हणणं तिथं पाळलं होतं. मग मार कुणी खाल्ला? बेलक्रँकच्या पिनेनं. ती झिजली की स्टेअरिंग पाव चक्कर फिरवेपर्यंत गाडीला पत्ताच लागत नसे आणि एका ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथर नाचायला लागत. त्याला आपल्याकडे बबलिंग म्हणतात. ते थांबवायला गाडी हळू करणं हा एकच उपाय, आणि काळीपिवळीच्या ड्रायव्हरला तो सोडून सगळे उपाय माहीत असतात.

मग 1985 च्या डिसेंबरात मारुतीची जिप्सी आली. हलकी, पुढेमागे भरीव अॅक्सल, पाट्यांच्या कमानी. सैन्यानं घेतली, पोलिसांनी घेतली, वनखात्यानं घेतली. 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण ही बातमी जंगलापर्यंत अजून पोचलेली नाही. 1970 साली अभयारण्य झालेलं नागझिरा आणि 1975 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं नवेगाव मिळून 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि पर्यटकांना वाघ दाखवण्याचं काम जिप्सीच्या गळ्यात पडलं. तिलाही आडवा दांडा आहे आणि तोही पुरेसा खाली आहे. पण गंमत अशी की जंगलात रस्ता सोडून गाडी घालायला मनाई असल्यामुळे तिथं दांडे फारसे वाकत नाहीत. ते वाकतात गाडी संध्याकाळी गावात परतल्यावर, जेव्हा ड्रायव्हर तीच जिप्सी घेऊन मेहुण्याच्या बांधीवर धानाची पोती आणायला जातो.

आणि चुकून जंगलात वाकलाच, तर तो सोहळा वेगळा. पर्यटकांना खाली उतरता येत नाही. ड्रायव्हर उतरतो आणि गाडीखाली जातो, गाइड बोनेटवर उभा राहून चारी दिशांना बघत राहतो. मागच्या सीटवरच्या काकू विचारतात, "भाऊ, वाघ कुठं असेल?" भाऊ गाडीखालून म्हणतो, "इथं नसला म्हंजे झालं." आजूबाजूला बांबूचं बेट असतं, एक दांडी तोडून तारेनं बांधली तर गाडी गेटपर्यंत जाईल, पण बांबू तोडला की गुन्हा. शेवटी ड्रायव्हर टूलबॉक्समधून हातभर अँगल पट्टी काढतो, वाकलेल्या दांड्यावर पन्हाळीसारखी बसवतो, दोन क्लॅम्प आवळतो आणि गाडी लंगडत निघते. सहाही पर्यटकांच्या मोबाइलमध्ये त्या दिवशी एकाच प्राण्याचे फोटो असतात: जिप्सीखालून बाहेर आलेले दोन पाय.

आता 2020 सालच्या थारचं राज्य आहे. तिच्या पुढच्या चाकांना एकच अॅक्सल नाही. चाकं स्वतंत्र, मधे रॅक आणि दोन बाजूंना दोन आखूड दांडे. गावातल्या एका तरुण कंत्राटदारानं ती घेतली आणि टपरीवरच्या मंडळींनी सवयीनं वाकून खाली बघितलं, तर आडवा दांडाच नाही. मंडळी अस्वस्थ झाली. पहिल्याच पावसाळ्यात तिचा एका बाजूचा आखूड दांडा वाकला आणि तिच्याविषयीचा सगळा परकेपणा संपला. मिस्त्री म्हणाला, "घ्या, हे बी आपलीच हाय."

तर अपग्रेड करावं की नाही? मामांच्या चेसिसला पट्टी मारून, बॉक्सला आतून टेकू देऊन, मिस्त्री आणि इंजिनीअर यांनी मिळून जो तोडगा काढला तो असा. दांडा मूळच्यापेक्षा जाड घालावा, पण मनगटाएवढा नको. बॉक्सच्या बोल्टाआधी तोच वाकला पाहिजे. पैसे दांड्याच्या जाडीवर घालण्याआधी बॉल जॉइंटवर घालावेत, कारण दांडा वाकला तर गाडी वाकडी चालते आणि जॉइंट निसटला तर गाडी चालतच नाही, जाते. स्प्लिट पिन जुनी सरळ करून पुन्हा घालू नये. ती पाच रुपयांना मिळते. तुटलेल्या टाय रॉडला कुणी वेल्डिंग मारून देतो म्हणाला तर त्याच्याकडून गेटचं वेल्डिंग करून घ्यावं, दांड्याचं नाही. सीटखाली एक जादा दांडा ठेवावा. शेतातून आल्यावर एकदा वाकून बघावं. त्यात कमीपणा नाही, टपरीवरचे एवढे लोक रोज बघतातच.

आणि बेचक्यात सरळ केलेल्या दांड्यावर घरापर्यंत खुशाल या. नागपूरला जायचं असेल तर एस.टी. आहे, आणि गोंदियाहून रेल्वेही सुटते.